वळणरस्ता वळणरस्ताच राहावा म्हणून

(राज्यातील रस्ते विकासावरील व्याख्यानाचा मजकूर)

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस ‘बीड बायपास’ या नावाने ओळखला जाणारा एक रस्ता आहे. जालना मार्गावरील झाल्टा फाट्यापासून निघून तो पैठण मार्गावरील महानुभाव आश्रम चौकापर्यंत जातो. शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळात, जालना-बीडकडून येणारी जड वाहतूक शहरात न शिरता परस्पर पुढे जावी, या हेतूने तो बांधण्यात आला. तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना शेते होती. सातारा आणि देवळाई ही गावे शहरापासून वेगळी होती. आज त्याच रस्त्याच्या दुतर्फा वसाहती, महाविद्यालये, रुग्णालये आणि मंगल कार्यालये उभी आहेत. सातारा-देवळाईचा परिसर महानगरपालिकेत सामील होऊनही बराच काळ लोटला. रस्त्याचे नाव अजून बायपासच आहे. काम मात्र तो शहरातील रस्त्याचे करीत आहे.

मधल्या काळात या रस्त्यावर अनेकांचे प्राण गेले. मुलाला शाळेत सोडणारी दुचाकी, भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी गृहिणी आणि रात्रभर चालून आलेला मालट्रक, हे सर्व एकाच पट्टीवर आले की दुसरे काय होणार? अखेर रस्ता रुंद करावा लागला. संग्रामनगर, देवळाई आणि एम. आय. टी. महाविद्यालय येथे उड्डाणपूल बांधावे लागले. तरीही मूळ हेतू साध्य होईना, म्हणून सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणात शहरासाठी आणखी बाहेरून नवा मार्ग काढण्यात आला. म्हणजे वळणरस्त्याला वळणरस्ता करावा लागला.

ही केवळ एका शहराची कथा नाही. महाराष्ट्रातील लहानमोठ्या पुष्कळ गावांच्या वेशीवर ती आज घडत आहे, किंवा उद्या घडणार आहे. म्हणूनच वळणरस्ता का बांधतात, तो कोठून नेतात, त्यात कोणाचे काय जाते आणि बांधून झाल्यावर त्याचे काय होते, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

रस्ता गावात आला तेव्हा

आज रस्ता गावाबाहेर न्यावा अशी मागणी होते. एकेकाळी तो गावापर्यंत यावा हीच मोठी आकांक्षा होती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने देशातील रस्त्यांचा प्रथमच साकल्याने विचार केला. रस्ते हा केवळ स्थानिक मंडळांच्या कुवतीवर सोडून देण्याचा विषय नाही, तो राष्ट्रीय महत्त्वाचा विषय आहे, हा विचार तेव्हापासून रुजला. त्यातूनच १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस अस्तित्वात आली.

पुढे डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंते नागपूर येथे एकत्र आले. तेथे ठरलेली वीस वर्षांची योजना ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजेच पुढचे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही आजही परिचित असलेली वर्गवारी याच योजनेची देणगी होय. सुपीक शेतीच्या प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे ध्येय तिने समोर ठेवले. दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे १६ किलोमीटर रस्ते हे तिचे लक्ष्य होते. १९६१ ते १९८१ या काळाच्या मुंबई योजनेने ते ३२ किलोमीटरवर नेले आणि १९८१ ते २००१ या काळाच्या लखनौ योजनेने ८२ किलोमीटरवर. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर राज्यानेही १९६१-८१, १९८१-२००१ आणि २००१-२०२१ अशा रस्ते विकास योजना आखल्या.

या साऱ्या योजनांमध्ये राज्य महामार्गाचे कार्य एकच होते. जिल्ह्याची मुख्य ठिकाणे, मोठी बाजारपेठ असलेली गावे आणि राष्ट्रीय महामार्ग ही एकमेकांना जोडावयाची. साहजिकच हा रस्ता पेठेतून गेला, एस. टी. स्थानकासमोरून गेला, तहसील कचेरीवरून गेला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, त्यानंतर तर ‘रस्त्यावरचे गाव’ हे शब्द भाग्याचे मानले जाऊ लागले. रस्त्यालगतची जागा म्हणजे दुकानाची जागा. जुन्या गावाचे तोंड नदीकडे किंवा देवळाकडे असे. नव्या गावाने आपले तोंड रस्त्याकडे केले.

बाजाराच्या दिवशी

याच यशातून पुढची अडचण निर्माण झाली. राज्य महामार्गावरील तालुक्याचे कोणतेही गाव आठवडे बाजाराच्या दिवशी पाहावे. रस्त्याच्या कडेस भाजीची पाले पडलेली असतात. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या संथपणे सरकत असतात. एस. टी. स्थानकातून बाहेर पडण्यासाठी अडून राहिलेली असते. शाळा सुटलेली असते. आणि या गर्दीत, त्या गावाशी कसलाही संबंध नसलेला, शेकडो मैलांवर माल पोहोचवावयाचा असलेला मालट्रक भोंगा वाजवीत उभा असतो. त्याला गाव नको असते आणि गावाला तो नको असतो. परंतु दोघांनाही एकच रस्ता असतो. रुग्णवाहिका आली तर तिलाही तोच रस्ता असतो.

अशा वेळी रस्ता रुंद करावा, हा उपाय प्रथम सुचतो. परंतु भर पेठेत रस्ता रुंद करावयाचा म्हणजे दोन्ही बाजूंची घरे आणि दुकाने पाडावयाची. शिवाय रुंद झालेल्या रस्त्यावरून जड वाहने अधिक वेगाने जाणार आणि रस्ता ओलांडणे अधिक अवघड होणार. म्हणून गावाला वळसा घालून जाणारा स्वतंत्र मार्ग, म्हणजेच वळणरस्ता, हा पर्याय पुढे येतो.

कोठून न्यावा?

वळणरस्ता हे सर्व गावांना चालणारे एकच औषध नव्हे. तो आखण्यापूर्वी वाहनांची केवळ संख्या मोजून भागत नाही; प्रत्येक वाहन कोठून आले आणि कोठे चालले आहे, याची विचारपूस करावी लागते. गाव जितके लहान, तितके त्यातून नुसते ओलांडून जाणाऱ्या वाहनांचे प्रमाण सामान्यतः अधिक असते. तेथे वळणरस्त्याचा लाभ तत्काळ दिसतो. मोठ्या शहरात मात्र बहुतेक वाहने त्या शहरातच येणारी किंवा तेथून निघणारी असतात. तेथे वळणरस्ता झाला तरी शहरातील गर्दी अपेक्षेइतकी ओसरत नाही आणि लोक विचारतात, एवढा खर्च कशासाठी केला? याचे उत्तर आधीच्या पाहणीत असावयास हवे.

अंतराचा प्रश्नही नाजूक आहे. वळणरस्ता गावाच्या फार जवळ ठेवला तर थोड्याच वर्षांत गाव त्याला गिळून टाकते. फार दूर नेला तर फेरा वाढतो, इंधन अधिक लागते आणि चालक पुन्हा जुन्या रस्त्याने पेठेत शिरतो. गाव पुढील वीस-पंचवीस वर्षांत कोणत्या दिशेला वाढणार, हे ओळखून त्याच्या पलीकडे, परंतु फार पलीकडे नव्हे, अशी रेषा काढणे हे अभियंत्याच्या दूरदृष्टीची परीक्षा पाहणारे काम आहे.

त्यानंतर माती आणि पाणी. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट डांबर टाकले तर रस्ता दोन पावसाळेही धड टिकत नाही; म्हणून मुरुमाचा भराव आणि पाण्याचा निचरा यांवर खर्च करावा लागतो. वळणरस्ता बहुधा भरावावरून जातो आणि भराव म्हणजे एका अर्थाने बांधच. शेताचे ओघळ, नाले आणि नदीचे पूरक्षेत्र यांना पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर गावाची वाहतूक कोंडी सुटते आणि पाण्याची कोंडी सुरू होते. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात कोल्हापूरजवळ शिरोली येथे पंचगंगेच्या पाण्यामुळे पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तोच प्रसंग पुन्हा आला. पूरक्षेत्रात भराव न घालता खांबांवरील पूल बांधावा, ही तेथील लोकांची मागणी अनुभवातून आलेली आहे.

ज्याची जमीन जाते

नकाशावरील रेषा अखेर कोणाच्या तरी शेतातून जाते. गावाच्या भोवतीची जमीन बहुधा बागायती असते. तीवर गावाला भाजीपाला आणि दूध पुरवणाऱ्या कुटुंबांचा निर्वाह चालतो. रस्त्यासाठी गेलेल्या गुंठ्यांचा मोबदला मिळतो. परंतु उरलेल्या जमिनीचे दोन तुकडे होतात, विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला राहतो, जलवाहिनी तुटते, बैलगाडीची वाट बंद होते. ही हानी पूर्वी कागदावर सहजी येत नसे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची जागा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने घेतली. मोबदल्याबरोबरच पुनर्वसनाचा आणि सामाजिक परिणामांचा विचार त्या कायद्याने समोर आणला.

यात आणखी एक बोचरी गोष्ट आहे. ज्याची जमीन रस्त्याखाली गेली त्याला त्या दिवसाच्या भावाने मोबदला मिळतो. त्याच्या शेजाऱ्याची जमीन मात्र रस्त्यालगत येते आणि काही वर्षांत बिगरशेती होऊन भूखंडांच्या दराने विकली जाते. एकाच बांधावरील दोघांपैकी एकाने रस्ता दिला आणि दुसऱ्याला रस्ता मिळाला. ज्याने दिला त्याच्या वाट्याला निदान शेतात जाण्यासाठी भुयारी मार्ग आणि वेळेवर मोबदला यावा, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

पेठेची धास्ती

वळणरस्त्याचे नाव काढताच दुसरी चिंता व्यक्त होते ती व्यापाऱ्यांची. गाडी बाहेरून गेली तर गिऱ्हाईक कोठून येणार? ही चिंता निराधार नाही. सावंतवाडीचे उदाहरण घेता येईल. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी या शहरातून जात असे. झाराप ते पत्रादेवी या नव्या मार्गामुळे तो शहराबाहेरून गेला. गोव्याकडे जाणारा प्रवासी सहजच मोती तलावाकाठी थांबे, चहा घेई, लाकडी खेळणी पाही. आता तेथे जाण्याचे त्याला मुद्दाम ठरवावे लागते. ज्या धंद्याचा आधार केवळ थांबलेली गाडी हा होता, त्याची झळ खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि पेठेचा मोठा भाग पंचक्रोशीतील गावांवर चालतो. ओलांडून जाणारा मालट्रक लुगडे घेत नाही, बी-बियाणे घेत नाही, सोनाराकडे जात नाही. उलट त्याच्या भीतीने खेड्यावरील बाई मुलाला घेऊन पेठेत येण्याचे टाळते. अवजड वाहने हटल्यावर जुना रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा झाला, त्यावर पदपथ आणि झाडे आली, तर पेठ सुधारते. मात्र त्यासाठी जुन्या रस्त्याचा कोणी वाली असावा लागतो. महामार्ग बाहेर गेला म्हणून बांधकाम विभागाने त्याच्याकडे पाहू नये आणि निधी नाही म्हणून नगरपरिषदेनेही पाहू नये, अशी अवस्था झाली की पेठेची धास्ती खरी ठरते.

प्रवाशांचाही विचार हवा. एस. टी. चे स्थानक गावात असते आणि लांब पल्ल्याच्या गाडीला बाहेरून जाण्याचा मोह होतो. मध्यरात्री वळणरस्त्याच्या फाट्यावर उतरवलेली, हातात पिशवी घेऊन अंधारात रस्ता ओलांडणारी वृद्धा हे दृश्य अपरिचित नाही. फाट्यावर दिवा, निवारा आणि गावापर्यंत वाहन, या लहान गोष्टी आहेत. पण वळणरस्त्याच्या अंदाजपत्रकात त्या प्रारंभीच असाव्या लागतात.

बांधून झाल्यावर

येथपर्यंतच्या अडचणी पार करून वळणरस्ता पूर्ण होतो, फीत कापली जाते आणि काम संपले असे सर्वांना वाटते. वस्तुतः खरे काम तेथून सुरू होते. प्रथम एक ढाबा येतो. मग पेट्रोल पंप, गोदाम, मंगल कार्यालय. त्यामागे भूखंडांच्या रांगा. प्रत्येक जण आपल्या दारातून थेट रस्त्यावर येतो. पलीकडे जाण्याचा फेरा टाळण्यासाठी एखाद्या रात्री दुभाजक फोडला जातो आणि ती कायमची वाट होते. गाव पुन्हा आपले तोंड रस्त्याकडे करते. फरक इतकाच की पूर्वीच्या रस्त्यावर गर्दीमुळे वेग नव्हता. या रस्त्यावर वेगही आहे आणि गर्दीही.

हे रोखण्यासाठी कायदा नाही असे नव्हे. १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम, जो आज महाराष्ट्र महामार्ग अधिनियम म्हणून ओळखला जातो, महामार्गाच्या हद्दीबाहेर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरविण्याचा अधिकार देतो. इमारत रेषेच्या आत बांधकाम करावयाचे नाही आणि नियंत्रण रेषेच्या आतील बांधकाम परवानगीवाचून करावयाचे नाही, असा त्याचा साधा अर्थ. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियमही हाताशी आहे. अडचण कायद्याची नाही, हद्दीची आहे. वळणरस्ता गावाबाहेरून जातो, म्हणजे नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरून, चार-पाच ग्रामपंचायतींच्या शिवारांतून जातो. रस्ता बांधकाम विभागाचा, जमिनीचा वापर बदलण्याचा विषय महसूल विभागाचा, घराची नोंद ग्रामपंचायतीची आणि ते घर ज्या शहराच्या वाढीमुळे आले त्या शहराचा तेथे अधिकारच नाही. सर्वांचे थोडे आणि कोणाचेच पूर्ण नाही, अशा पट्ट्यावर वसाहत नेमकी उभी राहते.

पुण्यासारख्या प्रगत शहरालाही हे चुकले नाही. मुंबई-बंगळूर महामार्गाची वाहतूक शहरातून जाऊ नये म्हणून देहूरोड-कात्रज वळणरस्ता झाला. वाकड, बाणेर, बावधन, वारजे ही एके काळची गावे त्याच्या कडेने शहर झाली. चांदणी चौकातील जुना पूल अपुरा पडून २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडावा लागला आणि तेथील नव्या बहुपदरी चौकाचे लोकार्पण १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या लांब उतारावर इंधन वाचविण्यासाठी गिअर सोडून दिलेली जड वाहने आवरत नाहीत, आणि उताराच्या पायथ्याशी आता दाट वस्ती आहे. तेथील वारंवार होणाऱ्या अपघातांचे मर्म या दोन गोष्टींच्या भेटीत आहे. आता शहरासाठी आणखी बाहेरून वर्तुळाकार मार्ग हाती घेण्यात आला आहे.

याउलट ५ जून २०२५ रोजी पूर्ण लांबीने खुला झालेला ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग गावांना मुळीच स्पर्श करीत नाही. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. कडेच्या दारातून त्यावर येता येत नाही. वेग हवा असेल तर प्रवेशावर नियंत्रण हवे, हा धडा त्यातून मिळतो. परंतु राज्य महामार्ग सर्वत्र असा करता येणार नाही. त्यावरून एस. टी. जाते, ट्रॅक्टर जातो, दुधाच्या किटल्या लावलेली दुचाकी जाते. तो लोकांचा रस्ता आहे. म्हणून त्याच्यासाठी मधला मार्ग काढावा लागतो. कडेच्या वस्तीसाठी सेवा रस्ता, ठरावीक अंतरावरच जोड, शाळा आणि शेताच्या वाटांसाठी भुयारी मार्ग. आणि हे सर्व वस्ती आल्यावर नव्हे, तर जमीन घेतानाच. नंतर हीच जमीन भूखंडाच्या भावाने घ्यावी लागते, आणि बहुधा मिळतच नाही.

दोन रेषांची राखण

श्रोतेहो, शासन रस्ता बांधू शकते. तो राखण्यास मात्र सर्वांचे हात लागतात. ज्या ग्रामपंचायतीच्या शिवारातून वळणरस्ता जातो, तिच्या कार्यालयात इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा दाखविणारा नकाशा भिंतीवर असावा. भूखंड घेणाऱ्याने सातबारा पाहतो तसा हा नकाशाही पाहावा, म्हणजे आयुष्यभराची कमाई नियंत्रण रेषेच्या आत अडकणार नाही. नगरपरिषदेने विकास योजना करताना हद्दीबाहेरच्या वळणरस्त्याचाही विचार करावा. फोडलेला दुभाजक दुसऱ्याच दिवशी बुजविला जावा, कारण तो आठ दिवस तसाच राहिला की लोकांचा हक्क बनतो.

बीड बायपासवरील उड्डाणपुलांवर जो खर्च झाला, त्याचा अल्पांश वेळीच कडेची पट्टी मोकळी ठेवण्यावर झाला असता तर पैसा वाचला असता, ही गोष्ट खरीच. पण पैसा पुन्हा उभा करता येतो. त्या रस्त्यावर गेलेली माणसे परत येत नाहीत. आज राज्यातील जी लहान गावे आपल्या पहिल्या वळणरस्त्याची वाट पाहत आहेत, त्यांच्या शिवारात त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अजून शेते आहेत. शेते आहेत तोवरच तेथे रेषा आखता येते, आणि ती राखताही येते.